गेटवर लेन्स का मोजतात?

गार्डने भाच्याच्या बॅगेची चेन उघडली, आत हात घालून चाचपलं आणि लेन्स बाहेर काढली. सत्तर-तीनशे मिलिमीटरची. ती दोन्ही हातांत धरून त्याने वजनाचा अंदाज घेतला आणि मान हलवली.

"हे आत जाणार नाही."

"काका, मी प्रेसवाला नाही. हौस म्हणून काढतो फोटो."

"म्हणूनच जाणार नाही. प्रेसवाला असतास तर गेलं असतं."

दक्षिण मुंबईतल्या एका स्टेडियमचं ते गेट. फुटबॉलचा सामना सुरू व्हायला चाळीस मिनिटं होती आणि मागच्या रांगेतून "चला ना पुढे" सुरू झालं होतं. बाहेरच्या टपरीवाल्याकडे खुंटीला हेल्मेटं आणि बॅगा लटकत होत्या. बॅगेमागे पन्नास रुपये घेऊन तो त्या सांभाळत होता. कॅमेरा पाहिल्यावर मात्र म्हणाला, "जबाबदारी नाय घेनार, साहेब." शेवटी नरिमन पॉइंटला एका मित्राच्या ऑफिसात कॅमेरा ठेवून आम्ही धावत परत आलो. पहिला गोल आम्ही भिंतीबाहेरून ऐकला.

भाचा चिडला होता. "मामा, आत हजारो मोबाइल आहेत. त्यांनी फोटो काढलेले चालतात, माझ्या कॅमेऱ्याचं काय वावडं?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर गार्डच्या त्या एका वाक्यात होतं, पण ते तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही.

मैदान वेगळं, स्टेडियम वेगळं

दादरला शिवाजी पार्कवर संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळत असतात. कट्ट्यावर बसून कोणीही कसलाही कॅमेरा काढावा. आझाद मैदानावर, ओव्हलवर, परळच्या झेव्हियर्स ग्राउंडवर स्थानिक सामने चालतात, तिथेही साधारण तोच रिवाज. सार्वजनिक जागी फोटो काढायला सरसकट बंदी घालणारा कायदा आपल्याकडे नाही. संरक्षणाच्या जागांचं वेगळं. कुलाब्याकडे नौदलाच्या हद्दीत तशा पाट्याच असतात आणि त्यांच्यामागे १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा उभा असतो.

ओव्हलच्या दक्षिणेला थोडं चाललं की कूपरेज लागतं. कूपर म्हणजे लाकडी पिंपं बांधणारा कारागीर. त्या जुन्या धंद्याचं नाव मैदानाला चिकटलं ते आजतागायत. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स कप स्पर्धा पुढे याच मैदानाशी जोडली गेली. हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा तो कप नेला. मफतलाल, ओर्के अशा गिरण्यांचे संघ, टाटा, एअर इंडिया, महिंद्रा असे कंपन्यांचे संघ इथे खेळले. ओव्हल आणि कूपरेज एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, पण फोटोच्या दृष्टीने दोन वेगळी गावं. कारण कूपरेजला भिंत आहे, गेट आहे आणि तिकीट लावायची सोय आहे.

तिकीट घेतलं म्हणजे आपण खुर्ची विकत घेतली असं आपल्याला वाटतं. कायद्याच्या नजरेत आपण घेतो ती आत येऊन बसण्याची परवानगी, आणि तीसुद्धा अटींसकट. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात अशा परवानगीची व्याख्या आहे. एरवी जे करणं बेकायदा ठरलं असतं, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत शिरणं, ते मालकाच्या संमतीने करता येणं. संमती देणारा अटी घालू शकतो. त्या अटी तिकिटाच्या मागे मुंगीच्या अक्षरात असतात, किंवा हल्ली मोबाइलवर "मान्य आहे" या चौकोनात. आपण तो चौकोन न वाचता दाबतो आणि तिथेच आपला कॅमेरा घरी राहिलेला असतो.

म्हणजे गेटवर कॅमेरा अडतो तेव्हा सहसा कुठलाही गुन्हा झालेला नसतो. मोडायला निघालेला असतो तो करार. खाजगी गार्ड तुम्हाला आत सोडायला नकार देऊ शकतो, आयोजक बाहेर काढू शकतात; पण तुमची वस्तू जप्त करून स्वतःकडे ठेवून घेण्याचा अधिकार गार्डला नाही. जप्ती हे पोलिसांचं काम, आणि तेही गुन्ह्याच्या तपासापुरतं.

छत्तिसावा हिस्सा

आता भाच्याच्या मुख्य प्रश्नाकडे. मोबाइल चालतो, मग कॅमेरा का नाही?

थोडं गणित करू. आंतरराष्ट्रीय सामन्याचं फुटबॉलचं मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. वरच्या स्टँडमधून समोरच्या बाजूचा खेळाडू सहज ७० मीटरवर असतो. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा जुन्या पस्तीस एमएम फिल्मच्या हिशेबात साधारण २६ मिलिमीटरच्या लेन्ससारखा पाहतो. आडवा धरला तर ७० मीटरवर त्याच्या चौकटीत उभी अशी जवळजवळ ६५ मीटर जागा मावते. पावणेसहा-सहा फुटी खेळाडू तिच्यात चौकटीच्या उंचीचा छत्तिसावा हिस्सा व्यापतो. त्याच्या जर्सीवरचा नंबर वाचता येत नाही; मोठा करून पाहिला तर ठिपक्यांचा चिवडा दिसतो. आता त्याच जागेवरून तशाच फिल्मच्या मापाच्या कॅमेऱ्याला तीनशे मिलिमीटरची लेन्स लावा. चौकटीत फक्त साडेपाच मीटर उरतात आणि खेळाडू तिचा एक तृतीयांश भाग घेतो. चेहरा दिसतो, दात-ओठ खाल्लेले दिसतात, बुटाला चिकटलेलं गवत दिसतं.

पहिला फोटो आठवण म्हणून ठेवायचा. दुसरा वर्तमानपत्रात छापता येतो, कॅलेंडरवर घालता येतो, बुटाच्या जाहिरातीत वापरता येतो, म्हणजेच विकता येतो. विकण्याजोगे फोटो काढायचा हक्क आयोजकांनी आधीच कुणाला तरी दिलेला असतो: ओळखपत्र गळ्यात घालून गोलच्या मागे बसलेल्या छायाचित्रकारांना. "प्रेसवाला असतास तर गेलं असतं" याचा अर्थ हा.

पण भाच्याला फोटो विकायचे नव्हते. मग? मग काहीच नाही. गेटवर उभा असलेला माणूस हेतू मोजू शकत नाही. त्याच्यापुढून तासाभरात हजारो लोक जातात. यातला हौशी कोण, धंदेवाईक कोण हे कपाळावर लिहिलेलं नसतं. लेन्स मात्र हातात घेता येते, तिच्यावर आकडा छापलेला असतो. म्हणून स्टेडियमचे फोटोचे बहुतेक नियम फोटोंविषयी काहीच बोलत नाहीत, ते वस्तूंविषयी बोलतात. विंबल्डनला ३०० मिलिमीटरपेक्षा लांब लेन्स प्रेक्षकांना नेता येत नाही. मँचेस्टर युनायटेडने २०१४ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर टॅबलेट आणायला बंदी केली. आर्सेनल आणि टॉटनहॅम या लंडनच्या क्लबांनी २०१५ मध्ये सेल्फी स्टिकला दार बंद केलं. जिथे हेतू तपासता येत नाही तिथे माप तपासायचं, ही त्यामागची व्यवहारी अक्कल.

टेकडीवरची दुर्बीण

लांब लेन्सला एक काळी बाजूही आहे, आणि ती आपल्या जवळच घडली. मार्च २०२१ मध्ये भारत-इंग्लंड एकदिवसीय सामने पुण्याजवळ गहुंजेच्या स्टेडियमवर झाले. कोविडमुळे स्टँड रिकामे होते. तरीही पिंपरी-चिंचवड पोलिसांनी ३३ जणांना अटक केली. त्यांतले काही स्टेडियमजवळच्या टेकडीवर आणि उंच इमारतीत दुर्बिणी आणि ताकदीचे कॅमेरे घेऊन बसले होते. चेंडूचं काय झालं हे ते फोनवरून सट्टेवाल्यांना कळवत होते.

टीव्ही घरोघर असताना एवढा खटाटोप कशाला? कारण टीव्हीवरचं "थेट" प्रक्षेपण थेट नसतं. मैदानातलं चित्र उपग्रह, स्टुडिओ आणि केबल अशी वरात काढत आपल्या दिवाणखान्यात येईपर्यंत काही सेकंद गेलेले असतात. मोबाइलवर तर आणखी उशीर. लालबागच्या चाळीत हे रोज कळतं: शेजारच्या खोलीत "आउट!" ओरडतात आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो. त्या काही सेकंदांत ज्याला निकाल ठाऊक, तो न ठाऊक असलेल्याशी पैज लावून हमखास जिंकतो. म्हणून स्टँडमध्ये बसून सतत फोनवर बोलणारा, किंवा लांब लेन्स रोखून प्रत्येक चेंडूनंतर काहीतरी टाइप करणारा माणूस सुरक्षारक्षकांच्या डोळ्यात भरतो. फुटबॉलमध्ये पेनल्टी आणि कॉर्नरवर हाच खेळ चालतो.

फोटो तुमचा, क्लिप कुणाची?

मोबाइल आत नेता आला तरी त्याने काय करायचं याला मर्यादा असते. इथे फोटो आणि व्हिडिओ यांच्या वाटा वेगळ्या होतात.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा रचनाकार तो काढणारा माणूस. तुम्ही खुर्चीवर बसून काढलेल्या फोटोचा कॉपीराइट साधारणपणे तुमचाच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो तुमच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं टिकतो. आयोजक काही तो आपोआप काढून घेत नाहीत. पण तिकिटाच्या अटीत "फक्त खाजगी वापरासाठी" असं लिहिलेलं असेल, तर तो फोटो विकणं म्हणजे करारभंग. फोटो तुमच्या मालकीचा, पण त्याचा बाजार मांडणार नाही असा शब्द तुम्ही गेटवर देऊन आलेले असता.

व्हिडिओचं दुखणं मोठं आहे, कारण तिथे मोठा पैसा गुंतलेला असतो. फुटबॉलपेक्षा क्रिकेटचा आकडा आपल्याला लवकर कळेल. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क जून २०२२ मध्ये ४८,३९० कोटी रुपयांना गेले. एवढे पैसे मोजणाऱ्याला मैदानातलं हलतं चित्र फक्त आपल्याकडून बाहेर जावं असं वाटणारच. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने ऑगस्ट २०१४ मध्ये प्रेक्षकांना जाहीर ताकीद दिली होती की गोलच्या काही सेकंदांच्या क्लिपा सोशल मीडियावर टाकणंही हक्कभंग मानला जाईल.

यात एक बारकावा आहे. टीव्हीसमोर मोबाइल धरून गोल टिपला, तर तुम्ही प्रक्षेपणाची नक्कल केली. प्रसारण संस्थेला आपल्या कायद्यात २५ वर्षांचा प्रसारण-पुनरुत्पादन हक्क आहे. खुर्चीवरून स्वतःच्या फोनने गोल टिपला, तर ते चित्रण तुमचं, प्रसारकाचं नव्हे. तिथे आडवी येते ती तिकिटाची अट. व्यवहारात कारवाई करणारं यंत्र हा फरक करत बसत नाही. क्लिप उडवली जाते आणि तुमच्या खात्यावर शेरा पडतो. म्हणून मधल्या वेळेतल्या जल्लोषाचा, शेजाऱ्यांच्या घोषणांचा व्हिडिओ बिनधास्त घ्यावा. चालू खेळाचा घेतला तर घरच्यांपुरता ठेवावा. सलग लाइव्ह करण्याच्या तर वाटेलाच जाऊ नये.

या हक्कांच्या भांडणात मुंबईने एक विचित्र सामना पाहिला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये इंग्लंडचा संघ वानखेडेवर कसोटी खेळला. पीटरसनने १८६ धावा केल्या, पानेसरने ११ बळी घेतले, इंग्लंड दहा गडी राखून जिंकलं. पण त्या दौऱ्यात क्रिकेट नियामक मंडळाने गेटी इमेजेससारख्या छायाचित्र संस्थांना प्रवेश नाकारला होता आणि त्याच्या निषेधार्थ रॉयटर्स, एपी, एएफपी या वृत्तसंस्थांनी वार्तांकन थांबवलं. एका कसोटीचा मोठा पराक्रम घडला आणि जगातल्या अनेक वर्तमानपत्रांकडे त्याचे नेहमीच्या मार्गाने येणारे फोटो नव्हते. गेटवर भाच्याला नाही म्हणणारा नियम त्या वेळी खुद्द प्रेसवाल्यांच्या गळ्यात पडला होता.

पॉवर बँक, फ्लॅश आणि आकाश

मोठ्या सामन्याआधी पोलिस आणि आयोजक मनाईची यादी काढतात. बॅग, पाण्याची बाटली, लायटर, नाणी, पॉवर बँक हे त्या यादीतले नेहमीचे. फोटोवाल्यांना पॉवर बँक जास्त झोंबते. पण तिचं कारण फोटो हे नाही. पाव-अर्धा किलोचा ठोकळा वरच्या स्टँडमधून भिरकावला तर खाली डोकं फुटतं. शिवाय आत लिथियमची बॅटरी. नाण्यांचं कारणही तेच. ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिक दुहेरी गुन्हेगार: फेकता येतात, आणि मागच्याच्या डोळ्यापुढे उभ्या राहतात. यावर उपाय घरूनच करावा. फोन पूर्ण चार्ज करून निघावं, सामना सुरू झाल्यावर डेटा बंद ठेवावा.

फ्लॅशवर अनेक ठिकाणी बंदी नसते, पण तो निरुपयोगी असतो. प्रकाश अंतराच्या वर्गाने क्षीण होतो. तीन मीटरवर जेवढा पडतो त्याच्या पाचशेव्या भागाहून कमी ७० मीटरवर पोहोचतो. रात्रीच्या सामन्यात स्टँडमध्ये लकलकणारे ते हजारो फ्लॅश गोलकीपरला उजळत नाहीत. उजळतं ते पुढच्या रांगेतल्या काकांचं टक्कल. त्यापेक्षा फ्लडलाइटवर विश्वास ठेवावा. जोरात धावणारा खेळाडू सेकंदाला आठेक मीटर सरकतो. सेकंदाच्या साठाव्या भागाच्या शटरमध्ये तो तेरा सेंटिमीटर पुढे जातो आणि फोटो फरपटतो. सेकंदाच्या हजाराव्या भागात तो जेमतेम आठ मिलिमीटर हलतो. मोबाइलमध्ये क्रीडा किंवा बर्स्ट मोड असेल तर तो हेच काम करतो. आणि संघ सराव करत असतात तेव्हा लवकर जाऊन कुंपणाजवळ उभं राहावं. दिवसातले सर्वांत जवळचे फोटो तेव्हा मिळतात.

ड्रोनचं मात्र नाव काढू नये. तो स्टेडियमच्या नियमापुरता विषय राहत नाही. ड्रोन नियम २०२१ आहेतच, शिवाय मुंबई पोलिस ड्रोन आणि तत्सम उडत्या वस्तूंवर वेळोवेळी मनाईचे आदेश काढतात. मंत्रालय आणि नौदल यांच्या शेजारी मोडणाऱ्या कूपरेज-चर्चगेट पट्ट्यात हौसेचा ड्रोन उडवणं म्हणजे पोलिस ठाण्यात सामना पाहणं.

चौकटीत आलेली माणसं

स्टँडमध्ये कॅमेरा मैदानाकडे असतो तितकाच माणसांकडेही. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा घरगुती किंवा वैयक्तिक कारणासाठी वापरलेल्या माहितीला लागू होत नाही, म्हणून गर्दीच्या फोटोत आलेल्या प्रत्येकाची सही घ्यायची गरज नाही. पण गर्दी टिपणं वेगळं आणि गर्दीतल्या एका मुलीवर झूम लावून पाच मिनिटं धरणं वेगळं. तसा पाठलाग भारतीय न्याय संहितेच्या कक्षेत जाऊ शकतो, आणि स्वच्छतागृहासारख्या जागी लपून केलेलं चित्रण तर सरळ गुन्हा आहे. हा दोष फक्त प्रेक्षकांचा नाही. २०१८ च्या विश्वचषकात स्टँडमधल्या तरुण मुलींवर वारंवार कॅमेरे नेऊ नका, असं फिफाला प्रसारकांना सांगावं लागलं होतं.

आणखी एक माणूस आपण विसरतो: मागचा. त्याने तिकिटाला आपल्याइतकेच पैसे मोजलेले असतात. डिसेंबर २०२५ मध्ये लिओनेल मेस्सी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर आला. त्याच्याभोवती मान्यवरांचा आणि सेल्फीवाल्यांचा एवढा गराडा पडला की हजारो रुपये देऊन बसलेल्या लोकांना तो दिसलाच नाही. तो लवकर निघून गेला आणि स्टँडमधून बाटल्या-खुर्च्या भिरकावल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी तो वानखेडेवर आला तेव्हा कोलकात्याचा धडा ताजा होता. फोटोच्या हव्यासाने दुसऱ्याचं पाहणं हिरावलं तर काय होतं, हे यापेक्षा स्पष्ट कुठल्याही नियमावलीत लिहिता आलं नसतं.

त्या रात्री भाच्याने मोबाइलवर दीडशे फोटो काढले आणि लोकलमध्ये परळ येईपर्यंत त्यातले एकशे चाळीस पुसले. पुढच्या रविवारी तो कॅमेरा घेऊन झेव्हियर्स ग्राउंडवर गेला. तिथे गेट नव्हतं, बॅग कोणी उघडली नाही. गोलपोस्टमागे बसून त्याने सत्तर-तीनशेची लेन्स लावली आणि दहा मिनिटांत गोलकीपर मागे वळून ओरडला, "ओ भाऊ, कुठे टाकणार फोटो?"

"कुठे नाही. घरी."

"मग ठीक. चांगला आला तर मला पाठव."

गेटवरच्या गार्डला विचारायचा होता तोच प्रश्न हा. त्याला फुरसत नव्हती, म्हणून त्याने लेन्सचं वजन केलं.